दगडाची पाठ

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकातली जेडची, म्हणजे एका कठीण हिरव्या दगडाची, जुनी पदकं छायाचित्रांत नेहमी समोरून दिसतात. वर चोच, डोक्यावर तुरा, पोटाशी दुमडलेले पंख आणि कमरेखाली एकदम काहीच नाही, नुसतं गुळगुळीत हिरवं पातं. पुस्तक असो, पोस्टकार्ड असो की दुकानातलं फ्रिजला चिकटवायचं मॅग्नेट असो, पक्षी आपला आपल्याकडे तोंड करून उभा. पाठ बघायला मिळणं हा नशिबाचा भाग. राजधानी सान होसेच्या जेड संग्रहालयात मी या पक्ष्यांच्या रांगांपुढून बराच वेळ फिरत होते आणि खरं सांगायचं तर कंटाळलेही होते. एका दमात इतके पक्षी बघितले की पुढचा डोळ्यांत शिरतच नाही. मग एका कपाटात काचेच्या अंगाला तिरकं उभं केलेलं एक पदक दिसलं. मान वाकडी करून मागे डोकावले, आणि पुढे त्या दिवशी पक्ष्यांकडे माझं फारसं लक्ष राहिलं नाही.

पाठ सपाट होती. समोर दिवा उमटेल अशी झिलई आणि मागे नुसतं घासून सोडून दिलेलं, मंद. मधोमध डोक्यापासून पात्यापर्यंत एक खडबडीत उंचवटा उभा गेला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना कापल्याच्या, किंचित वळणदार खुणा होत्या. चिक्कीची वडी सुरीने अर्धवट कापायची आणि उरलेली हाताने मोडायची, की मोडलेल्या जागी जशी ओबडधोबड कड राहते, तशी ती रेघ होती. कुणीतरी हा दगड एका बाजूने कापत आणला होता, मग दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये पातळ पडदा उरल्यावर ठोका देऊन तो मोडला होता.

म्हणजे मी बघत होते ते पदक अर्धं होतं. त्याचा दुसरा अर्धा भाग, तेवढ्याच लांबीचा, त्याच नक्षीच्या शिरा अंगात असलेला, आणखी कुठेतरी आहे किंवा होता.

या पदकांना अभ्यासक ‘कुऱ्हाड-देव’ म्हणतात. देव की काय ते सोडून देऊ, पण कुऱ्हाड हे अगदी खरं आहे. सुरुवातीला तयार व्हायची ती दगडी कुऱ्हाड: एका टोकाला धार, दुसरीकडे निमुळती होत गेलेली, सगळीकडून घोटून काढलेली. मग ती उभी चिरायची. कधी दोन फाका, कधी चार. प्रत्येक फाकेच्या वरच्या अर्ध्या भागात पक्षी किंवा माणूस किंवा दोन्हींचं मिश्रण कोरायचं आणि खालचा अर्धा भाग कुऱ्हाडीचं पातं म्हणूनच ठेवायचा. पाय कोरता येत नव्हते असा त्याचा अर्थ नाही. त्याच लोकांनी कोरलेल्या माकडांची शेपटी गोल वळलेली आहे आणि पायांमधून आरपार उजेड दिसतो. पातं ठेवलं ते ठेवायचं होतं म्हणून. ही मंडळी मका लावणारी होती, आणि मका लावायचा तर आधी जंगल तोडायचं. रोजच्या तोडीला साध्या दगडाच्या कुऱ्हाडी होत्या. जेडची कुऱ्हाड कुणी झाडाच्या खोडावर घातली असेल असं वाटत नाही. पण ज्या हत्याराने जंगल मागे हटतं, त्याच हत्याराच्या अंगातून जंगलातला पक्षी बाहेर काढायचा आणि वर हत्यारही तसंच राहू द्यायचं, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याच्याबद्दल मला फार कुतूहल आहे.

हे सगळं घडलं इसवी सनपूर्व ५००च्या सुमारापासून इ.स. ७००-८००पर्यंत, मुख्यतः दोन भागांत. एक, प्रशांत महासागराकडचा निकोया द्वीपकल्प आणि ग्वानाकास्ते. दुसरा, कॅरिबियन उताराचा पट्टा, ज्याला तिथे ‘लिनेआ व्हिएहा’ म्हणजे जुनी रेल्वेलाइन म्हणतात. प्राचीन कोरीवकामाच्या शैलीला रेल्वेमार्गाचं नाव कसं पडलं, ते पुढे येईलच.

जेड कापतात कशाने हा प्रश्न मला तिथेच पडला होता, कारण त्या लोकांकडे लोखंड नव्हतं. असतं तरी उपयोग झाला नसता. जेडाइटचा, म्हणजे तिथल्या खऱ्या जेडचा, कठीणपणा मोह्झच्या एक ते दहाच्या मापाने साडेसहा ते सात भरतो, म्हणजे घरातल्या सुरीच्या पोलादापेक्षा जास्त. शिवाय त्याचे स्फटिक एकमेकांत असे गुंतलेले असतात, की घण घातला तरी तो सहजासहजी फुटत नाही. गारगोटी जेडइतकीच कठीण, पण ती ठिसूळ, जेड चिवट. त्यामुळे त्याला ठोकून आकार देण्याचं काम फार पुढे जात नाही, झिजवावंच लागतं. दोरी घ्यायची, ओली करायची, तिच्यावर गारगोटीची पूड किंवा तितकीच कठीण वाळू टाकायची आणि दगडावर मागे-पुढे ओढत राहायचं. कापते ती वाळू. दोरी नुसती तिला ओढून नेते.

वाचून हे पटत नाही, म्हणून घरी परत आल्यावर करून बघितलं. आमच्या शेताच्या बांधावर घायपात आहे. घायपात मूळचा तिकडचाच, अमेरिकेतून आलेला. त्याचा जवळचा भाऊबंद असलेल्या ‘काबुया’च्या धाग्याचे दोर मध्य अमेरिकेत अजूनही वळतात. पान ठेचून धागा काढला, मांडीवर दोरी वळली, ओढ्यातला एक काळा गोटा दोन पायांत धरला आणि वाळू-पाणी टाकत बसले. आपला काळा दगड जेडपेक्षा मऊच, तरी पहिल्यांदा काहीच होईना. दोरी सारखी तुटायची. मग लक्षात आलं की जोर लावला की दोरी तुटते आणि वाळू उडून जाते. दोरी सैल धरून नुसती चालू ठेवली की खर्र-खर्र असा एक ओला आवाज येतो आणि पाणी करडं होतं. ते करडेपण म्हणजे दगड. संध्याकाळी नख अडकेल एवढी खाच पडली होती. तिचा तळ सरळ नव्हता. दोरी दगडाला वळसा घालून जाते म्हणून तोही कमानीसारखा वळलेला. सान होसेच्या त्या पदकाच्या पाठीवर रेघेच्या दोन्ही बाजूंना अशाच कमानी होत्या. घरच्यांनी विचारलं, याचं करणार काय? गोटा आता खिडकीत आहे, कागद उडू नयेत म्हणून.

भोकांचंही तसंच. पोकळ वेत किंवा हाड वाळूत फिरवून दोन्ही बाजूंनी भोक पाडत आणायचं, म्हणजे मध्यभागी ती दोन भोकं भेटतात. त्यामुळे ते आतून डमरूसारखं असतं, दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद. पदक बरीच वर्षं कुणाच्या गळ्यात असेल तर भोकाची वरची कड दोरीने घासून गुळगुळीत होते. माकडाच्या पायांमधली फट काढायची असेल तर आधी भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची आणि आतून करवतीसारखी चालवायची. एवढ्या कामाला किती दिवस लागत असतील याचा हिशोब मी करत नाही. ज्या समाजात कुणाला तरी शेतीपासून मोकळीक देऊन हे काम करायला बसवता येत होतं, त्या समाजात या दगडाची किंमत काय असेल, ते त्यावरून कळतं.

आणि तो दगड त्यांचा नव्हताच. कोस्टा रिकात जेडाइटची खाण सापडलेली नाही. तो आला ग्वाटेमालातल्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यातून, सरळ रेषेत मोजलं तरी सातशे किलोमीटरच्या वर. या खोऱ्यातून उत्तर अमेरिकी आणि कॅरिबियन या दोन भूपट्टांची सीमा जाते. १९७६ साली तीच भेग सरकली आणि ग्वाटेमालात सुमारे २३,००० माणसं गेली. जेड तयार होतो तोही अशाच उलथापालथीत: एक भूपट्ट दुसऱ्याखाली जाताना, प्रचंड दाबाखाली पण तुलनेने कमी तापमानाला, आणि मग भेगांच्या हालचालीबरोबर वर ढकलला जातो. गंमत म्हणजे मध्य अमेरिकेतला जेड मुळात येतो कुठून हेच एक काळ कुणाला ठाऊक नव्हतं. चीनमधून आला असावा असंही गंभीरपणे लिहिलं गेलं. मोताग्वाच्या खोऱ्यात मान्सानाल इथे जेडाइट खडकात जागेवर असल्याची नोंद १९५५ साली छापून आली. नंतर १९९८च्या मिच वादळाने नद्या-नाले खरवडून काढले आणि तिथल्या डोंगरांत निळसर झाक असलेल्या जेडचे मोठमोठे धोंडे असल्याचं पुढच्या काही वर्षांत उघड झालं. मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांना जो निळा जेड इतका प्रिय होता, त्याचं घर अखेर सापडलं.

सगळीच पदकं खऱ्या जेडाइटची आहेत असं मात्र नाही. सर्पेंटाइन, कॅल्सेडनी, क्वार्ट्झ, आणखी कसले कसले हिरवे-करडे दगड. खनिजशास्त्रज्ञाच्या तपासणीत नापास होणारी पण कारागिराने त्याच मायेने कोरलेली. अभ्यासक त्यांना ‘सामाजिक जेड’ म्हणतात. मला ही सोय आवडते. गळ्यात घालणाऱ्याला हिरवा दगड आणि त्यावरची झिलई दिसत होती, सोडियम-ॲल्युमिनियम सिलिकेट नव्हे.

जेडबरोबर उत्तरेकडून तयार वस्तूही खाली येत होत्या, आणि इथे मला कापणाऱ्यांचा पहिल्यांदा राग आला. माया राजे कमरपट्ट्याला जेडच्या लांबट पट्ट्या लटकवायचे. त्यांवर एका बाजूला राजाचं चित्र, दुसऱ्या बाजूला लेख, नावं आणि तारखा. अशा काही पट्ट्या कोस्टा रिकात सापडल्या आहेत. त्यांतल्या कित्येक तिथल्या लोकांनी उभ्या चिरलेल्या आहेत, राजाच्या अंगातून आणि अक्षरांच्या बरोबर मधून. एखादं चिन्ह अर्धं या तुकड्यावर, अर्धं त्या. कुठे लेख तसाच ठेवून दुसऱ्या अंगाला आपलं काहीतरी कोरलंय, गळ्यात घालता यावं म्हणून भोक पाडलंय. लिहिता-वाचता येणाऱ्या माणसाच्या अंगावर शहारा यावा असा प्रकार. कुणी आपल्याकडे शिलालेखाची पायरी केली तर आपण जसे संतापतो, तशीच मी काचेपुढे उभी राहून संतापले.

नंतर विचार करताना तो संताप टिकला नाही. त्यांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, हे तर झालंच. पण त्यांच्या लेखी दगडाची ताकद त्यावरच्या मजकुरात नव्हती, दगडात होती. आणि दगडातली ताकद वाटता येत होती. सातशे किलोमीटरवरून आलेला एक तुकडा एकाने घरात ठेवला तर तो एकाचाच. चिरून दोन केले, चार केले, तर चार गळ्यांत जातो. मग पाठीवरच्या त्या रेघेला वेगळाच अर्थ येतो. ती पदकं समोरून देखणी आहेत, पण समोरून ती सुटी, एकेकटी दिसतात. मागून पाहिलं की कळतं, हे वाटणीतलं आलेलं आहे. वाटणी कुणाकुणात झाली असेल? बापलेकांत, दोन गावच्या प्रमुखांत, मेलेल्यात आणि मागे राहिलेल्यात? की हे नुसतं काटकसरीचं गणित होतं, महागाचा दगड वाया जाऊ नये म्हणून? माझा कल पहिल्या बाजूला आहे. काटकसरच करायची असती तर पाठ घासून ती रेघ घालवणंही सोपं होतं, आणि पुष्कळ पदकांवर ती घालवलेली आहेही. ज्यांवर ठेवली, ती राहू दिली.

प्राण्यांबद्दल आता थोडं, कारण एवढं लिहून वटवाघळाला टाळणं बरं दिसणार नाही.

पक्षी सर्वांत जास्त, आणि त्यांच्यावरचे वाद सर्वांत लांब. लांब चोच म्हणजे हमिंगबर्ड की टूकन, तुरा म्हणजे केत्साल की हार्पी गरुड, यावर तज्ज्ञांची पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. मला वाटतं कारागिराने मुद्दामच दोन-तीन खुणांवर भागवलं. बेडूक ठसठशीत, पाय अंगाशी घेऊन बसलेला. मगर पाठीवरच्या करवती खाचांवरून लगेच ओळखू येते. घुबडाचे डोळे म्हणजे पोकळ नळीने पाडलेली दोन वर्तुळं, बस्स; नळी जरा दगडावर टेकवून फिरवली की डोळा तयार, इतकी सोपी युक्ती की हसू यावं.

वटवाघूळ मात्र वेगळं. कॅरिबियन बाजूला सापडणाऱ्या रुंद आडव्या पदकांत पंख दोन्हीकडे लांब पसरलेले असतात, वीतभर आणि त्याहूनही जास्त, आणि मध्ये इवलंसं अंग. पंखांची टोकं कधी कधी मगरीच्या तोंडात संपतात. जवळून पाहिलं तर तोंडावर नाकाच्या जागी वर उभं पान दिसतं. हे कल्पनेतलं नाही. तिकडच्या वटवाघळांच्या एका मोठ्या कुळाच्या नाकावर खरोखरच असं कातडीचं पान असतं. कोस्टा रिकात वटवाघळांच्या शंभराहून जास्त जाती आहेत. फळं खाणारी, मध पिणारी, मासे पकडणारी आणि रक्त पिणारीही. जो कारागीर दीड-दोन बोटांच्या जागेत ते नाकावरचं पान दाखवतो, त्याने ते वटवाघूळ हातात धरून पाहिलेलं असणार.

तालामांका डोंगरात राहणाऱ्या ब्रिब्री लोकांची एक कथा आहे. सुरुवातीला माती नव्हती, सगळा खडक. सिबो नावाच्या देवाचं वटवाघूळ खाली जायचं आणि इरीरिया नावाच्या एका लहान मुलीचं रक्त पिऊन यायचं. त्याची विष्ठा जिथे खडकावर पडली, तिथे झाडं उगवली. सिबोच्या लक्षात आलं की या मुलीच्या अंगात काहीतरी आहे. मग तिला वर आणलं गेलं, मोठा नाच मांडला गेला, नाचणाऱ्यांच्या पायांखाली ती तुडवली गेली आणि तिची माती झाली. आज ज्यावर मका उगवतो ती माती म्हणजे इरीरिया. वटवाघूळ आधी रक्त चोरणारं आणि त्यातूनच बी पेरणारं. फळं खाणारी वटवाघळं खरोखरच तोडलेल्या जंगलात पुन्हा बी पसरवतात, हे आता वनस्पतिशास्त्रज्ञही सांगतात. ही कथा आणि पदकं यांच्यात हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे, त्यामुळे एकाचा अर्थ दुसऱ्यावर चिकटवायचा मोह मी आवरते. पण ब्रिब्री ज्या चिब्चा भाषाकुळातली भाषा बोलतात, त्याच कुळातल्या भाषा ही पदकं घडवणारे बोलत असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. एवढ्यावर थांबते.

अर्थ चिकटवायचा मोह होतो, कारण आपल्या हातात दुसरं फारसं काही नाही. पदकं सापडली ती थडग्यांत. उष्ण, ओल्या, आंबट मातीत हाडं बहुतेक विरघळून जातात. दगड राहतो आणि माणूस राहत नाही. १९०३ साली कार्ल हार्टमन या स्वीडिश संशोधकाने निकोयातल्या लास ह्वाकास इथे थडगी नीट उकरली, काय कशाशेजारी होतं ते टिपून ठेवलं. जेडच्या पदकांबरोबर त्याला कोरीव पायांचे दगडी पाटे मिळाले आणि गदेची दगडी डोकी. सान होसेला लागून असलेल्या तिबास इथेही पुढे असंच थडगं मिळालं: पाटे, गदेची डोकी आणि जेड एकत्र. दळणं, लढणं आणि गळ्यातलं, असं त्रिकूट. पण अशी नीट टिपलेली थडगी बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची ‘ह्वाकेरो’ मंडळींनी रातोरात फोडली. ह्वाका म्हणजे तिकडे जुनं थडगं. ते फोडून विकणं हा कोस्टा रिकात विसाव्या शतकात पुष्कळांचा जोडधंदा होता. आता कायद्याने बंदी आहे, पण तोवर पदकांचं मूळ गाव, शेजारी, मालक, सगळं पुसलं गेलं होतं.

सान होसेचं संग्रहालय निघालं तेही यातूनच. ते चालवते देशाची सरकारी विमा कंपनी. देशातला जेड विकला जाऊन बाहेर जातोय हे बघून विमावाल्यांनी तो विकत घ्यायला सुरुवात केली, १९७७ साली संग्रहालय उघडलं आणि २०१४ मध्ये ते राष्ट्रीय संग्रहालयासमोरच्या स्वतःच्या इमारतीत गेलं. आज तिथला संग्रह ७,०००च्या आसपास आहे. विमा कंपनीने पूर्वजांचे दागिने सांभाळावेत हे मला अतिशय योग्य वाटतं. जोखीम कशाला म्हणतात हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

इ.स. ७००च्या पुढे जेड संपत गेला. उत्तरेकडच्या माया राजवटी डळमळल्या, दगड यायचा थांबला, आणि दक्षिणेकडून, पनामा-कोलंबियाकडून सोनं आलं. प्राणी तेच राहिले. बेडूक, मगर, गरुड, वटवाघूळ, सगळे सोन्यात उतरले. सोन्यात म्हणजे बहुधा सोनं-तांब्याच्या मिश्रणात. पण काम पार बदललं. मेणाचा बेडूक करायचा, त्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा आणि माती फोडायची. साचा फुटला की संपलं, दुसरा तसाच बेडूक हवा तर पुन्हा मेणापासून सुरुवात. इथे काही चिरत नाही आणि काही वाटून घेतलं जात नाही. सोन्याची पदकं मी राजधानीतल्या दुसऱ्या संग्रहालयात पाहिली. झगझगीत आहेत. मागे जाऊन बघावंसं एकही वाटलं नाही.

१५०२ साली कोलंबस चौथ्या सफरीवर आजच्या लिमोनच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा लोकांच्या गळ्यांत त्याच्या माणसांना हीच सोन्याची पदकं दिसली. स्पॅनिशांनी त्यांना गरुड म्हटलं आणि पुढे किती गरुड वितळवून लगडी झाल्या याची गणती नाही. जेडचं नशीब बरं. तो वितळत नाही, आणि सोन्यापुढे त्याला कोण विचारतो? तो जमिनीखालीच राहिला. साडेतीनशेहून जास्त वर्षांनी, १८७१ मध्ये, मायनर कीथ नावाचा तरुण अमेरिकन लिमोनहून सान होसेला जाणारी रेल्वे बांधायला आला. रेल्वे १८९० साली पुरी झाली. तिच्यापायी हजारो मजूर तापाने गेले, आणि मार्गालगत त्याने केळी लावली, ज्यातून पुढे युनायटेड फ्रूट कंपनी उभी राहिली. लास मर्सेडीस नावाच्या त्याच्या मळ्यावर जमीन खणताना थडगी लागली. कीथने माणसं लावून ती उकरून घेतली आणि त्याचा संग्रह हजारोंच्या घरात गेला. कॅरिबियन बाजूच्या शैलीला जुन्या रेल्वेलाइनचं नाव पडलं ते या पट्ट्यावरून. संग्रहाचे वाटे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या संग्रहालयांत गेले. ब्रुकलिन म्युझियमने त्यातला आपला वाटा १९३४ साली घेतला आणि अलीकडे त्यातलं बरंच काही परत केलं. २०२०च्या खेपेत १,३०५ वस्तू सान होसेला आल्या.

या वाटण्या वेगळ्या आणि दोरीने केलेल्या वाटण्या वेगळ्या, हे सांगायला नको. पण एक फायदा आहे. जेडमध्ये शिरा असतात, पांढुरके ढग असतात, आणि एका दगडाच्या दोन फाकांवर ते आरशातल्यासारखे उलटसुलट येतात. मोडलेल्या रेघेचा उंचसखलपणाही एकाचा दुसऱ्यात बसायला हवा. लास ह्वाकासची पदकं एका संग्रहालयात, लिनेआ व्हिएहाची दुसऱ्या, विमावाल्यांची तिसरीकडे. सगळ्यांच्या पाठी स्कॅन करून संगणकापुढे टाकल्या तर किती फाकांना आपली जोडीदार फाक सापडेल? त्यातून कुठल्या गावचा दगड कुठल्या गावाला गेला होता, तेही थोडंफार कळेल. काम कंटाळवाणं आहे, एखाद्या चिवट विद्यार्थिनीनेच अंगावर घ्यावं असं. तिला दोरी वळून द्यायची असेल तर आमच्या बांधावर घायपात भरपूर आहे.